दोन भेरूजी आणि एक विहीर

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण सरदारपूरच्या अलीकडे एका शेतात देव साठ पावलं चालत गेला, आणि तोही विमानाला भिऊन. भगवंतराव हे अगदी शपथेवर सांगत होते.

तरुण नावाच्या पटवाऱ्यानं मोजणीची फीत काखेत मारली. "काका, देवाचं राहू द्या. हद्द सांगा."

हद्दीचाच तर घोळ होता. फवारणीची विमानं उतरवायला चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली पट्टी आता ज्याची त्याला परत मिळाली. खडी उखडली, नांगर फिरला, पण बांध कुठं होता ते कोणालाच सांगता येईना. जुन्या नकाशात एवढंच लिहिलेलं: भगवंतरावांचं शेत भेरूजीच्या, म्हणजे भैरवाच्या, दगडाशी संपतं. आणि शेंदूर फासलेले दगड निघाले दोन! एक आंब्याखाली, एक सडकेकडेला. दोघांच्या मध्ये, पट्टीला लागून, विहीर. सडकेकडचा भेरूजी खरा, तर विहीर भगवंतरावांची. आंब्याखालचा खरा, तर शेजारच्या विक्रमसिंहाची. इकडे पाण्यावाचून भगवंतरावांच्या लसणाची पात पिवळी पडत चाललेली.

भगवंतराव पट्टी सुरू झाल्यापासून तिचे चौकीदार. इतक्या वर्षांत या दगडांच्या त्यांनी इतक्या गोष्टी रचल्या होत्या, की खरा कुठला हे आता त्यांचं त्यांनाच उमजेना. सकाळपासून दोन्हीकडे हात जोडून आले होते. दोन्ही देव सारखेच ओळखीचे वाटले.

"देव मूळचा सडकेकडचाच," त्यांनी ठोकून दिलं. "पहिलं विमान आलं तसा घाबरून आंब्याखाली जाऊन बसला. विमानं थांबली, तसा घरी परतला. आंब्याखाली उरलाय तो नुसता टाकलेला चोळा, शेंदराचं कवच. शेंदराचा थर जाड झाला की भेरूजी चोळा टाकतो, ठाऊक नाही का?"

"पर भिया," विक्रमसिंह म्हणाला, "चोले के साथ पत्थर भी छूटता है क्या?"

तरुणनं डोकं खाजवलं. "थांबा काका. म्हणजे विमानं चालू होती तेव्हा देव आंब्याखाली, आणि सडकेकडे नुसती मोकळी जागा?"

मोकळी जागा! जागा मोकळी म्हटली की विहीर गेली, एवढं भगवंतरावांना कळलं. पुढचं काही कळेना.

"मोकळी कशी? ऐन विमानांच्या दिवसांत माझी वरात इथंच उतरली. आम्ही दोघांनी सडकेकडच्या भेरूजीलाच डोकं टेकलं. विचारा हिला!"

रुक्मिणीबाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. सगळे तिकडे वळले. भगवंतरावांनी नवऱ्याच्या हक्कानं डोळे मोठे करून लसणाकडे बोट दाखवलं.

"टेकलं की," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

भगवंतरावांची छाती फुगली.

"विमान यायची वेळ झालेली. पट्टी ओलांडून आंब्याकडे कोणाला जाऊ देईनात. मग ह्यांनी सडकेकडच्या दगडाला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाले, हाच भेरूजी. माझ्या शालूला चुना लागला, तो डाग अजून आहे. अहो, लग्नाच्या दिवशीसुद्धा सुट्टी नव्हती तुम्हाला. पट्टीच्या कडेचे दगड सकाळी तुम्हीच पांढरे केले होतेत. खोटं तरी किती बोलाल? भेरूजीला कधी कोणी चुना लावतं का?"