बेटावरचं बोलणं

वच्छलाबाईचं तोंड फटकळ, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मनात आलं की ओठावर आलंच. कुणाचं वाईट चिंतणं तिच्या रक्तात नव्हतं, पण बोलून मोकळं झाल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. तिचा नवरा राधाकिशन नेमका उलटा. धारूरच्या डोंगरात त्यांचं गाव, आणि त्या गावच्या दूधसंस्थेचा तो सेक्रेटरी. इतकी वर्षं सेक्रेटरी राहून गावात एकाशीही भांडण नाही, अशी त्याची ख्याती. दूध पातळ आलं तरी तो आणणाऱ्याला बाजूला घेऊन हळूच सांगायचा, "पाव्हणं, आज म्हशीनं पाणी जास्त पेलंय जणू." एवढ्यावर समोरचा काय ते समजून घ्यायचा.

ज्या साली तालुक्यात त्यांची संस्था पहिली आली, त्या साली जिल्ह्याच्या दूध संघानं जाहीर केलं की पहिल्या आलेल्या संस्थांच्या लोकांना अंदमानला अभ्यास दौऱ्यावर न्यायचं. तिकिटं निघाली, फोटो छापून आले. आणि पुढं पावसानं दगा दिला. ज्वारी हातभर वाढून करपली. दिवाळी सरता सरता विहिरींनी तळ दाखवला आणि संक्रांतीनंतर गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत गेली. दूध इतकं आटलं की संकलन केंद्रावर माशा मारायची वेळ आली. तरी दौरा काही रद्द झाला नाही.

"तिकिटं तर काढलेली हायेत," चेअरमन सुंदरराव म्हणाले. "न्हाई गेलं म्हणून काय पाऊस पडणार हाय का?"

गावातून तिघं जायची होती. सुंदरराव, त्यांची बायको केशरबाई, कारण ती महिलांच्या जागेवर संचालक होती, आणि राधाकिशन. चौथा एक संचालक होता, त्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. त्या संध्याकाळी राधाकिशन घरी आला आणि पायातलं काढायच्या आधीच म्हणाला, "तू बी चलायचंय."

"कुठं?"

"अंदमानला. समुद्र बघायला."

"डोकं फिरलंय का तुमचं? गाय छावणीत, गावात टँकर. आन मी समुद्र बघू?"

राधाकिशननं जन्मात कधी बायकोला आग्रह केला नव्हता. जेवायलासुद्धा वाढून घ्यायचा आपल्या हातानं. पण त्या दिवशी तो हटला नाही. "एकदा चल," म्हणाला. "परत कधी म्हणणार न्हाई." शेजारची भिवराबाई छावणीतल्या गायीकडं बघायला तयार झाली, आणि वच्छलाबाई कुरकुरत का होईना, निघाली. हा माणूस एवढं का म्हणायलाय, हे विचारायचं काही तिला सुचलं नाही.

परळीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. विमानात तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. पोर्ट ब्लेअरला पहिल्या दिवशी एक गोठा दाखवला, तेवढा अभ्यास झाला. दुसऱ्या दिवशी बेट. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथं माणसं राहत नाहीत, नुसती झाडी, वाळू आणि पाणी, असं बरोबरच्या माणसानं सांगितलं. सगळ्या तालुक्यांची मिळून वीसेक माणसं धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी होती, तेव्हाच वच्छलाबाईचा फोन वाजला.

भिवराबाई होती. "गाय बरी हाय," ती म्हणाली. "पर टँकर परवापासून आला न्हाई बघा. काल हापशावर लई राडा झाला. सरूबाईच्या डोक्यात घागर बसली, टाके पडले. तुमी काळजी करू नका. तुमी फिरा निवांत."

फिरा निवांत. भिवराबाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण वच्छलाबाईला तो लागला. बोटीत सगळे गाणी म्हणत होते, केशरबाई तिला पुनःपुन्हा "बघा की, बघा" म्हणून कोपर मारत होती. वच्छलाबाई मात्र नजर पायांकडं लावून बसली होती.

बेटावर उतरली आणि तिचा नाइलाज झाला. असं पाणी तिनं पाहिलंच नव्हतं. काठाला काचेसारखं, पुढं पोपटी, त्याच्या पुढं गडद निळं. लाट येऊन तिच्या पायांवरून गेली आणि परत जाताना टाचांखालची वाळू ओढून घेऊन गेली. वच्छलाबाईचं माहेर चकलांब्याच्याही पुढं, गोदाकाठी. पोरवयात ती नदीत शिरली की आई काठी घेऊन आल्याशिवाय बाहेर येत नसे. भर पाण्यात ऐलतीराहून पैलतीराला जाऊन यायची. लग्न होऊन डोंगरात आली आणि ते सगळं तिथंच राहिलं. इथं एक विहीर, तिच्यावर सासू उभी. सुना काय विहिरीत उड्या मारतात होय? अंगाला मात्र पाण्याची आठवण असते. त्या पहिल्याच लाटेला तिचे खांदे आपोआप सैल झाले, आणि तिचं तिलाच चोरी केल्यासारखं वाटलं. तिकडं सरूबाईच्या डोक्याला टाके, आणि आपण इथं! ती मागं सरली आणि झाडाखाली जाऊन बसली.

बाकीचे पाण्यात उतरायच्या तयारीला लागले. उन्हानं रापलेला एक म्हातारा बंगाली माणूस सगळ्यांना हिंदीतून समजावत होता. अंगात फुगीर जाकीट घालायचं, डोळ्यांवर काच बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. बायांसाठीही जाकिटं होती. केशरबाईनं लुगड्यावरून जाकीट चढवलं आणि स्वतःकडं बघून हसत सुटली.

राधाकिशन एक काच आणि नळी हातात घेऊन झाडाखाली आला. "चल," म्हणाला.

"मी न्हाई."

"अगं, समद्या बाया चालल्यात."

"जाऊ द्या. तुमी जा."

तो जरा घुटमळला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण पाठीमागं सुंदरराव हाका मारत होते. तो गेला. राधाकिशनला पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यातच त्यानं त्या म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं, दोनदा तो खोकत उभा राहिला. तिसऱ्यांदा डोकं पाण्यात गेलं ते तसंच राहिलं, घटकाभर. मग तो ताडकन उभा राहिला, काच कपाळावर सारली आणि एवढ्या माणसांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, तिला नावानं हाक मारून ओरडला.

"वच्छे! अगं वच्छे, ये की! खाली निस्ती बाग हाय, बाग!"

सगळे हसले. कुणीतरी शिट्टी मारली. वच्छलाबाईच्या मस्तकात शरम गेली, आणि सकाळपासून आत साठलेलं सगळं तिच्यामागून वर आलं. ती उठून पाण्याच्या काठाशी आली.

"गावात बाया घागरीपायी डोकी फोडायल्यात," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आन दूधसंस्थेचे सेक्रेटरी हितं म्हशीवानी पाण्यात लोळायलेत. जनाची न्हाई तर मनाची तरी लाज धरा!"

सुंदररावांनी "वैनी, तुमी पण काय" म्हणून हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण कुणी साथ दिली नाही. राधाकिशन तसाच उभा होता, तोंडावरून पाणी निथळत. मग तो हळूहळू बाहेर आला. काच, नळी, जाकीट नीट उतरवून त्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं, त्याला "शुक्रिया" म्हणाला आणि वाळूत जाऊन बसला. "इतना जल्दी?" म्हाताऱ्यानं विचारलं. राधाकिशननं नुसतीच मान हलवली.

बाकीचे थोड्या वेळानं पुन्हा पाण्यात गेले, पण पहिल्यासारखा आवाज काही उठला नाही. बोट निघायला अजून खूप अवकाश होता. तेवढा सगळा वेळ राधाकिशन ओल्या कपड्यांनी उन्हात बसून होता. वच्छलाबाईनं भाजी-पुरीचा डबा त्याच्यासमोर सरकवला, तर त्यानं दोन घास खाल्ले आणि तिलाही वाढून दिलं. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. बोटीत ती त्याच्याशेजारी बसली. माझं चुकलं असं नाही, पण असं सगळ्यांसमोर नको होतं, एवढं तरी म्हणावं असं तिच्या मनात होतं. बोट धक्क्याला लागली, तरी तिची जीभ उचलली नाही. बोलायला कधी न अडणारी बाई तिथं अडली.

ती माणसं गावी पोचायच्या आधी तिचं बोलणं गावात पोचलं होतं. दौऱ्यातल्याच कुणीतरी फोनवर सांगितलं असावं. हापशावर बायांनी वच्छलाबाईला पुढं जाऊ दिलं. डोक्याला पट्टी बांधलेली सरूबाई तिचे हात धरून म्हणाली, "आमच्या मनातलं बोललात, बाई. तेवढ्या लांब जाऊन आमची आठवण ठेवलीत." छावणीतली माणसं तिला बघून उठून उभी राहायला लागली. खोटं कशाला बोला, वच्छलाबाईला ते गोड लागलं. आठ-पंधरा दिवस ती जरा ताठ मानेनंच वावरली. घरात राधाकिशन पहिल्यासारखाच होता. फक्त कुणी समुद्राचं विचारलं की म्हणायचा, "खारट असतो," आणि कामाला लागायचा.

मग संस्थेची सभा भरली. दूध आटलेलं, लोक चिडलेले. सुंदररावांच्या विरोधातला धर्मराज उठला आणि बोट रोखून म्हणाला, "दुष्काळात अंदमान केलं त्याचा जाब आम्ही काय विचारावा? सेक्रेटरीच्या घरच्या माणसानंच विचारलाय. ती काय म्हणली ते सांगा सभेला!"

शाळेच्या पटांगणात हशा पिकला. वच्छलाबाई बायांत मागं बसली होती. तिला वाटलं, सुंदरराव उठतील, दौरा संघानं ठरवला होता म्हणून सांगतील. सुंदररावांनी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश घोट घोट प्यायला लागले. राधाकिशन उभा राहिला. "ती बोलली ते खरं हाय," एवढंच म्हणाला आणि खिशातल्या केंद्राच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. तेवढ्यावर सभा शांत झाली. चेअरमन चेअरमनच राहिले. सेक्रेटरी म्हणून धर्मराजचा पुतण्या लागला. दुसऱ्या दिवसापासून राधाकिशन छावणीतून घरी आणलेल्या आपल्या एका गायीचं दूध घेऊन त्याच केंद्रावर रांगेत उभा राहायला लागला. त्याची पाळी आली की नवा सेक्रेटरी खाली मान घालून दूध मोजायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला केशरबाई पापड लाटायला म्हणून आली. लाटता लाटता म्हणाली, "एक बोलू का, वच्छलाबाई? रागावू नका. तुमी त्या दिवशी पाण्यात जायला पायजे होतं."

"मला न्हाई वाटलं."

"तसं न्हाई. तुमचे मालक आमच्या घरी आलते, त्या रिकाम्या जागेसाठी. ह्यांनी इचारलं, बायकोला कशाला नेता, सेक्रेटरी? तर लाजले. म्हणले, मी तिला बघायला गेलतो तवा ती नदीत पोहत होती. माणसं घरी वाट बघायलीत आन ही नदीत. मी काठावरून पाह्यलं आन तितंच हो म्हणलो. आमच्या गावात येऊन तिला पाणीच मिळालं न्हाई. एकदा परत तिला तसं पोहताना बघायचंय."

वच्छलाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. बघण्याच्या दिवशी आपण ओल्या केसांनी पाहुण्यांसमोर आलो होतो आणि आईनं नंतर चिमटा काढला होता, हे तिला आठवत होतं. त्यानं काठावरून पाहिलं होतं, हे इतक्या वर्षांत त्यानं कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी केव्हा? ज्या घरात एकच जण बोलतो तिथं दुसऱ्याचं राहूनच जातं.

राधाकिशन गोठ्यात गायीच्या गव्हाणीत विकतचा कडबा टाकत होता. वच्छलाबाई पिठाचे हात तसेच घेऊन गेली.

"मला सांगितलं कावून न्हाई?" ती म्हणाली. "नदीवर पाह्यलंतं म्हणून."

त्यानं वळून बघितलं. केशरबाई आलेली त्याला ठाऊक होती, त्याला सगळं कळलं. "तितं सांगणार होतो," तो म्हणाला. "पाण्यात गेल्यावर."

"माझं चुकलं."

"न्हाई." त्यानं कडब्याची पेंढी सोडली. "तू खोटं बोलली असतीस तर मी भांडलो असतो. तू बोललीस ते बरोबरच होतं. त्याला काय करावं?"

गाय कडबा ओढत होती. वच्छलाबाई तिथंच गव्हाणीच्या दगडावर टेकली. "काय दिसलं तुमाला खाली?" तिनं विचारलं. "बाग म्हणत होतात."

राधाकिशनचा चेहरा जरा उजळला. "मासे होते. लई. आन दगडावर फुलं उगवल्यावानी काय काय." तो हातातली पेंढी विसरून आठवायला लागला. "एक मासा निळा होता बघ, पार जवळ आलता. न्हाई, निळा न्हाई. पिवळे पट्टे होते त्याला, का ते दुसऱ्याला होते?" त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "घटकाभरच पाह्यलं गं. आता न्हाई नीट आठवत."

"राहू द्या," ती म्हणाली.

"आठवंल मागनं," तो म्हणाला, आणि राहिलेला कडबा गायीपुढं टाकला.