कापसाखालचे डबे

नरहरपंतांना पैशाच्या लोखंडी कपाटापेक्षा भंगारचं दुकान प्यारं, असं त्यांच्या यवतमाळच्या कचेरीतले लोक म्हणायचे. फिरत्या टॉकीजवाल्यांनी मोडीत काढलेली मुक्या विनोदी चित्रपटांची रिळं ते पार नागपूर-अकोल्याहून शोधून आणत. शिडीवरून चुन्याच्या बादलीत पडणारा रंगारी, स्वतःच्याच विजारीत अडकणारा जाडा हवालदार. चाळीस वर्षांत एकतीस डबे जमले. लोक हसले तर हसोत! त्यांची बायको रत्नप्रभा जन्माची बहिरी. चारचौघांबरोबर, कुणाला काही न विचारता ती पोट धरून हसे, ती एवढ्याच सिनेमांना.

स्लॅबच्या घरात उन्हाळ्यात रिळं खराब होतील, म्हणून पंतांनी डबे बोरी अरबला शेतकरी मित्र किसनरावांच्या घरी, कापसाच्या ढिगाखाली ठेवले. थंडावा राहील, ही अक्कल पंतांचीच. त्या साली भाव पडला. भाव येईल म्हणून किसनरावांनी कापूस घरातच ठेवला. दुसऱ्या वर्षीचाही त्यावरच पडला.

अन् मग रत्नप्रभाबाईंची नजर जायला लागली. फार तर दोन महिने, डॉक्टर म्हणाले. पंतांनी बोरी गाठली.

"तिला दिसतंय तोवर एकदा दाखवायचंय हो."

"मंग आगुदर काहून नाही सांगतलं, भाऊ? भाव गेला चुलीत!" म्हणत किसनरावांनी सगळा कापूस अंगणात काढला.

डबे उघडले तर सिरक्यासारखा आंबट वास. दमट कापसाखाली कोंडून रिळं आंबली होती, आकसून चिकटली होती. मित्राचा काय दोष? पंतांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. रंगाऱ्याचं रीळ तेवढं थोडं सुटत होतं.

डबे घरी आणून दुपारी खिडक्यांना चादरी लावून त्यांनी बायकोला भिंतीसमोर बसवलं आणि प्रोजेक्टर सुरू केला. रीळ दोन हात सरकलं न सरकलं तोच तुटलं. पंत ते जोडायला वाकले. दिवा चालूच होता, भिंतीवर नुसता पांढरा उजेड.

तेवढ्यात हसणं ऐकू आलं. रत्नप्रभाबाई भिंतीकडे बघत पोट धरून हसत होत्या, अन् डोळ्यांतून पाणी गळत होतं. पंतांना उमगलं. चित्र दिसेना म्हणून स्वतःची नजर गेली असं समजून, ते मला कळू नये म्हणून ही हसतेय!

त्यांनी दिवा बंद केला, उजेडासाठी खिडकीवरची चादर ओढून काढली आणि तुटलेला तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो चाचपला, नाकाशी नेला. मग कोपऱ्यातल्या बाकीच्या डब्यांकडे बोट केलं. तेही गेले, अशी पंतांनी मान हलवली.

डोळ्यांपायी ती नवऱ्यासमोर एकदाही रडली नव्हती. आता मात्र त्याचं डोकं छातीशी धरून ती मोठमोठ्याने रडली.