काळी पट्टी

शाळेच्या सभागृहात कोणी गोळीबार केलाच तर काय करायचं, याची तालीम होती. अग्निशमन दल आलं, रुग्णवाहिकेची माणसं आली. जखमी व्हायला मात्र कोणी मिळेना, म्हणून घरचीच मंडळी जमवली. रुग्णवाहिकेवरच्या एकीच्या सासूबाईही हौसेने आल्या. त्यांच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली : श्वास नाही. यांच्या तोंडाचा पट्टा थांबणार कसा, म्हणून सगळे पोट धरून हसले.

सूनबाई सर्वांत आधी आत शिरणार होती. माणशी अर्धं मिनिट. मान मागे करायची. श्वास आला तर लाल पट्टी, म्हणजे आधी उपचार; नाही आला तर काळी, म्हणजे गेला, आणि पुढे चालू लागायचं. पंधरा वर्षांच्या नोकरीत तिने कुणाला टाकून दिलं नव्हतं, आणि आता नेमकं तेच शिकायचं होतं.

सासूबाईंची मान तिने मागे केली, चिठ्ठी वाचली. काळी पट्टी हातात घेतली आणि हातच पुढे जाईना. शेवटी तिने लाल बांधली आणि छाती दाबल्यासारखं करत राहिली.

शिट्टी झाल्यावर तालीम घेणाऱ्या साहेबांनी शेजारी पडलेली मुलगी दाखवली, बंबावरच्या एकाची लेक. रक्त थांबवायला तिच्या मांडीला वेळेत पट्टा आवळला असता तर ती वाचली असती. परवाच्या तालमीत पुन्हा असंच झालं तर तुला आत पाठवणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. परतताना ड्रायव्हर म्हणाला, सासूला मेलेली ठरवायची संधी चालून आली आणि तू दवडलीस. तिला हसू आलं नाही.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिला रडू फुटलं. "मला नाही जमणार, आई."

सासूबाईंनी गॅस बंद केला.

"ती पोर माझ्या कानाशी 'इकडे या, इकडे या' म्हणत होती. आणि तू माझ्यापासून उठेनास. लाजेनं अर्धी झाले गं मी तिथं." मग ओट्याला धरून, गुडघ्यांना शिव्या देत त्या फरशीवर आडव्या झाल्या. "तुझ्या पिशवीतली ती काळी पट्टी आण. बांध."

पहिल्यांदा पट्टी बांधून ती तिथेच बसून राहिली. तिसऱ्यांदा गाठ चुकली. सातव्यांदा तिने मान मागे केली, कान लावला, काळी पट्टी बांधली आणि उठून चालू लागली.

दाराशी पोचली तेव्हा मागून सासूबाईंचं रडणं ऐकू आलं. ती वळली नाही.