मास्तरांचा समुद्र

सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर त्याचं डोकं तपासून घ्यावं. पण टेलरमास्तर शिलाई मशीनपुढच्या स्टुलावरून न उठता सातासमुद्रापार निघाले होते.

झालं असं. मुलगा बरे दिवस शोधायला परदेशी गेला आणि तिथंच रुजला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं मराठी सगळं फोनवरचं, आजी-आजोबा बोलतील तेवढंच. एरवी फोन आजी ठेवायची, "ठेवते गं" म्हणून. त्या दिवशी तो मास्तरांच्या हातात होता. "बरं, येतो हं बाळा," म्हणून त्यांनी ठेवला. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं असतं, हे पोरीला कोण सांगणार? ती दारात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "बाबा, काय सांगितलंत हिला? कालपासून पायपुसण्यावर ठाण मांडलंय. घास घेत नाही. शेजारणीनं बेल वाजवली, तर तिलाच मिठी!"

"अरे, मी नुसतं येतो म्हणालो."

"मग सांगा आता, येत नाही म्हणून."

"मीच का? दरसाल तिला 'पुढच्या वर्षी आजोबांकडे नेतो' म्हणणारा तू. एकाच थानातलं कापड आपण दोघं!"

तेवढ्यात नातीनं फोन ओढला. "आजोबा, कुठपर्यंत आलात?"

खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण जीभ पडली शिंप्याची. गिऱ्हाइकांना "उद्या नक्की" सांगण्यात तिची हयात गेलेली. "निघालोय," ती म्हणाली, "फक्त काजं-बटणं राहिलीत. तू जेव बघू."

पोरगी जेवली. मास्तर अडकले.

मग काय, रोज व्हिडिओ कॉलवर पोरीला प्रवास दाखवायला दुकानात भूगोल अवतरला. तपकिरी घोंगडीचा डोंगर झाला, इस्त्रीच्या वाफेचं धुकं. खाकी कापडाचं वाळवंट पार करायला आठवडा लागला, कारण मास्तरांचा उंट वाटेत रुसला होता. शेवटी शिवायला आलेलं होतं नव्हतं तेवढं निळं कापड, अर्धवट शिवलेल्या शर्टांसकट, कच्च्या टाक्यानं जोडून समुद्र झाला. आजी टेबलाखाली बसून लाटा हलवायची. पँट न्यायला आलेल्या कंडक्टरला हातात टॉर्च देऊन स्टुलावर चढवलं.

"मास्तर, माझी पँट?"

"गप! दीपगृह बोलत नसतं."

टेबलाखालून लाटांनीच विचारलं, "अहो, किनारा लागला की काय करणार?"

मास्तरांनाही तीच धास्ती होती. किनारा लागला की पोर दार उघडणार, आणि दारात कुणीच नसणार. त्यानंतर आजोबांच्या कुठल्याच शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही. म्हणून ते रोज समुद्रात मीटरभर कापड वाढवत होते. गल्लीतले निळे शर्ट वेळेवर मिळेनासे झाले.

त्या संध्याकाळी त्यांनी देवमासा काढला. "काय सांगू बाळा, बोटीला टेकून ढसाढसा रडायला लागला. म्हणे, मास्तर, गळ्याचं बटणच लागत नाही हो! टेप घेऊन मी त्याच्या गळ्याभोवती चालत निघालो. सकाळी निघालेला माणूस, दुपारी कुठे कॉलरच्या मागच्या बाजूला पोहोचलो. मग कात्री काढली आणि तिथंच..."

मास्तर रंगात आले. हात पसरून त्यांनी गळ्याचं माप दाखवलं. आजीनंही जोरात लाट उसळवली. समुद्र थेट त्यांच्या खांद्यापर्यंत आला.

फोनमध्ये पोरीचं नाक काचेला चिकटलेलं. मग ती मागे सरली, कमरेवर हात ठेवले आणि थेट आजीच्या ठसक्यात कडाडली,

"खोटं! आजोबा, समुद्राला कधी बाही असते का?"