पात्रतेचा दाखला

"काका, तुम्ही फक्त पाच मिनिटं बोला," झिवान तिसऱ्यांदा म्हणाला. "मुलगा गमावलेला बाप स्वतः सांगतोय म्हटल्यावर विरोध करायची कोणाची टाप आहे?"

रादिवोयने मान हलवली आणि राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला त्याच्यापुढे सरकवला. झिवान गावसमितीचा अध्यक्ष. सगळ्या सर्बियाला नसेल एवढी घाई या एकट्या माणसाला. पंधराएक वर्षांपूर्वी बंद पडलेली सक्तीची लष्करी सेवा परत आणायची की नाही, यावर बेलग्रेडमध्ये अजून नुसता खल चालला होता. आज आणतो, उद्या आणतो, निदान पंचाहत्तर दिवसांची तरी आणतो. पण झिवानने आजच, रविवारी, चर्चनंतर गावच्या सभागृहात सभा ठेवलीसुद्धा. आधी चर्चा करायची, मग गावातल्या तयार पोरांनी आपणहून सह्या करायच्या आणि ती यादी घेऊन हा जिल्ह्याला मिरवायला जाणार. निवडणूक जवळ आली की या गृहस्थाला देशप्रेमाचे उमाळे येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रादिवोयचं वय ऐंशी. बोलायला त्याची हरकत नव्हती. गावच्या स्मारकावर एक्क्याण्णवच्या, युगोस्लाव्हिया फुटतानाच्या लढाईत गेलेल्यांची पाटी आहे, तिच्यावर पहिलं नाव त्याच्या तिहोमिरचं. त्यामुळे दरवर्षी पहिलं फूल वाहायचं रादिवोयने, दोन शब्द बोलायचे रादिवोयने. चौतीस वर्षांत ते शब्द तोंडपाठ झाले होते.

"आणि पहिली सही कोणाची असणार, माहितीय?" झिवान पेला संपवत म्हणाला. "तुमच्या वुकानची. मामाच्या पावलावर पाऊल."

रादिवोयच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"वुकानला दमा आहे," तो म्हणाला.

"होता. आता कागदावर काही नाही. माझा आतेभाऊ दवाखान्यात आहे, त्याने दाखला अगदी स्वच्छ करून दिलाय. तुम्ही काळजीच करू नका."

झिवान निघून गेला.  रादिवोयने टोपी घातली, परत काढली आणि मागच्या अंगणात गेला. वुकान तिथे लाकडं फोडत होता. मुलगी यास्ना शहरात राहते, तिचा हा मुलगा, एकोणीस वर्षांचा. रविवार असला की आजीच्या हातचं सूप प्यायला गावी येतो. चार घाव घातले की थांबायचा, छातीवर हात ठेवायचा, खिशातला पंप तोंडात मारायचा आणि पुन्हा कुऱ्हाड उचलायचा.

"सही करायची नाही," रादिवोय म्हणाला.

"झिवानकाकांनी फोडलं वाटतं," वुकान हसला. "आजोबा, वर्गातले सगळे जाताहेत. मी एकटा घरी बसू? पोरी म्हणतील, हा बघा, याला धाप लागते, याला आईच्या पदराखाली ठेवलाय."

"म्हणू देत."

"तुम्ही म्हणू दिलं असतं? मामाला तर वाजतगाजत पाठवलंत. भिंतीवर फोटो आहे. अकॉर्डियनवाल्याच्या खांद्यावर हात टाकून नाचताय."

"त्याचं वेगळं होतं."

"वेगळं काय? लाझिच डॉक्टर दारू पिऊन बसायचा, मामाची छातीही न तपासता त्याने पात्र म्हणून लिहून टाकलं. आजीकडून शंभरदा ऐकलंय. मला तसं कोणी फसवलेलं नाही. मी माझ्या मर्जीने जातोय."

 रादिवोय परत फिरला आणि पायरीवर बसला.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. लाझिच डॉक्टर दारू पीत नसे. ते सगळं देसांकाने, रादिवोयच्या बायकोने, रागाच्या भरात रचलं होतं आणि गावाने जसंच्या तसं उचललं होतं. अठ्ठ्याऐंशी साली भरतीच्या तपासणीत लाझिचने तिहोमिरची छाती चांगली पाच मिनिटं ऐकली होती आणि कागदावर 'अपात्र' असं स्वच्छ लिहिलं होतं. इतर मुलखांत आईबाप अशा कागदासाठी देव पाण्यात ठेवतील. इथे तो कागद म्हणजे तोंडाला काळं. सैन्याने परत पाठवलेल्या पोराला मुलगी कोण देणार? आत काहीतरी खोट असणार, असं लोक उघड बोलत. गुत्त्यात एकाने रादिवोयला विचारलंच, "काय रे, पोराला आता परकर शिवायला टाकला का?" सगळे खो खो हसले. रादिवोयने पेला तसाच ठेवला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याने देसांकाला सांगितलं, तिहोमिरच्या बाप्तिस्म्यातल्या धर्मपित्याकडे जाऊन येतो, बरं काहीतरी बांधून दे. तिने हिवाळाभर धुरावर टांगलेल्या डुकराच्या दोन मांड्या उतरवल्या. घरातल्या सगळ्यांत मोठ्या त्याच. आपल्या लग्नातल्या भरतकामाच्या टॉवेलांत बांधून दिल्या. रादिवोय ते ओझं घेऊन गेला तो थेट शहरात, लाझिचच्या दारात.

"रादिवोय, घरी जा," डॉक्टर म्हणाला. "या पोराला धावता येत नाही."

"धावायला कोण सांगतंय, साहेब? कारकून करा, स्वयंपाकघरात घाला. पण घ्या. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

डॉक्टर नाही म्हणाला. रादिवोय हलला नाही. टोपी हातात घेऊन दोन तास पायरीवर बसला, रडला, डॉक्टरच्या बायकोसमोर रडला. शेवटी लाझिचने कागद बदलून दिला आणि रादिवोयने घरी-गावात सांगितलं, डॉक्टरने पुन्हा तपासलं, आधीची चूकच होती. मांड्या आत गेल्या. मग गावात मांडव पडला, तीन दिवस जेवणावळी, आत्या-मावश्यांनी रिवाजाप्रमाणे तिहोमिरच्या खांद्यावर शर्ट आणि टॉवेल टाकले, आणि रादिवोय नाचला. तो फोटो त्या दिवसाचा.

तिहोमिर वर्षभर कोठारात कारकुनी करून धडधाकट परत आला. रादिवोयला वाटलं, बघा, माझंच खरं होतं. पण सेवा केली म्हणजे राखीव दलात नाव लागलं. एक्क्याण्णवच्या पानगळीत बोलावणं आलं, ते नाव असलेल्या सगळ्यांना. नदीपलीकडच्या एका गावात बारा जण तळघरात होते. वर घर पेटलं, तळघरात धूर भरला. अकरा जण खोकत, तोंडाला ओली फडकी बांधून बाहेर आले. त्या अकरांतल्या एकाने नंतर येऊन हे सांगितलं होतं, नजर वर न उचलता.

मातीच्या दिवशी देसांकाने विचारलं, "माझ्या या पोराला पात्र कोणी ठरवलं?"

"लाझिच डॉक्टरने," रादिवोय म्हणाला. उत्तर चुकीचं नव्हतं, म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज निघालं असावं. त्या दिवसापासून देसांकाने त्या माणसाचा पिच्छा पुरवला. बाजारच्या दिवशी शहरात गेली की त्याच्या फाटकावर थुंकून यायची. पेशंट जायचे बंद झाले. लाझिच कधी एक अक्षर बोलला नाही. बोलणार काय, मांड्या घेतल्या होत्या ना. अकरा वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा मातीला सहा माणसं होती म्हणतात.

चर्च सुटल्यावर सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत काळ्या पोशाखात देसांका, शेजारी वुकान. टेबलावर राष्ट्रध्वज, यादीचा कागद आणि नवंकोरं पेन. झिवानने घसा साफ केला.

"आपली पोरं फोनमध्ये तोंड खुपसून बसतात. पंचाहत्तर दिवसांत शिस्त लागेल, निदान बिछाना घालायला शिकतील."

"बिछाना आईने शिकवावा," मागून निवृत्त शिक्षिका म्हणाली. "त्याला रणगाडा कशाला?"

लोक हसले.

"तुम्हाला हसायला काय जातं," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "शेजारी सगळे तयारी करताहेत. उद्या वेळ आली की बंदूक कोणत्या टोकाने धरायची तेही यांना माहीत नसेल."

"धरायला पोरं आहेत कुठे? निम्मी जर्मनीत ट्रक चालवताहेत. तुझाच मुलगा तिथे आहे," शिक्षिका म्हणाली.

"माझ्या मुलाचं नाव घ्यायचं काम नाही."

"का? दुसऱ्यांची मुलं पाठवायला तर तू पुढे आहेस."

वातावरण तापायला लागलं, तसं झिवानने हात वर केला. "रादिवोयकाका बोलतील. ज्यांनी दिलंय त्यांना बोलू द्या."

रादिवोय उठला. टेबलाला धरून उभा राहिला. तोंडपाठ शब्द होते ते एकही आठवेना, आणि आठवले असते तरी तो ते बोलला नसता. खरं बोललं तर देसांका जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. सत्तावन्न वर्षांचा संसार. नाही बोललं तर पोरगं जाणार. त्याने वुकानकडे पाहिलं.

"माझ्या मुलाला डॉक्टरने अपात्र ठरवलं होतं," तो म्हणाला. "मी जाऊन पात्र करून आणलं. लोक हसत होते म्हणून. लाझिचचा काही दोष नाही. तो नाहीच म्हणत होता. मी त्याच्या पाया पडलो."

आधी कोणाला काही कळलंच नाही. मग कुजबुज सुरू झाली. झिवान चटकन पुढे आला.

"काकांचं वय झालंय. दुःखाने माणूस काहीही बोलतो. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी."

आणि लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. लाझिचचं पाप चौतीस वर्षं गावाच्या अंगवळणी पडलं होतं, ते एका म्हाताऱ्याच्या बोलण्याने कोण सोडणार?

वुकान उठून टेबलाजवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "आजोबा, मला थांबवायला खोटं बोलताय. कळतं मला. राग नाही माझा." त्याने पेन उचललं.

 आता रादिवोयला साक्षीला एकच माणूस उरलं होतं.

"देसांका," तो म्हणाला, "धर्मपित्याकडे नेतो म्हणालो होतो त्या मांड्या. तू टॉवेलांत बांधून दिल्यास त्या. त्याच मी लाझिचला दिल्या."

  देसांका उठली, खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन.

"त्या ईस्टरला मी धर्मपित्याच्या बायकोला विचारलं होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "मांड्या कशा होत्या गं? ती म्हणाली, कसल्या मांड्या? मला वाटलं, हिला गर्व झालाय, दिलेलं कबूल करत नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मेली तेव्हाही गेले नाही."

ती वुकानकडे वळली.

"खरं बोलतोय तो," देसांका म्हणाली. "वुकान, पेन ठेव."

वुकानने पेन ठेवलं. त्याचा श्वास वाजत होता, अगदी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. झिवानने यादी उचलली आणि घडी घालून खिशात टाकली. बाकीची पोरं जागेवरून उठलीच नाहीत.

बाहेर आल्यावर देसांकाने रादिवोयकडे पाहिलं नाही. वुकानला म्हणाली, "गाडी काढ. मला शहरात लाझिचबाईकडे जायचंय."

"मीही येतो," रादिवोय म्हणाला. "माफी मी मागायला हवी."

"तू?" ती म्हणाली. एवढंच. मग गाडीत बसली आणि वुकानने दार लावलं.

रादिवोय घरी आला. सूप चुलीवर गार झालं होतं, ते त्याने तसंच प्यायलं. चार वाजता शहराहून बस आली, देसांका उतरली नाही. सहाची आली. मग वाटलं, वुकान गाडीनेच आणून सोडेल. तो फाटकात उभा राहिला. येणारे-जाणारे नमस्कार न करता पुढे गेले.

सात वाजता फोन वाजला.

"आजोबा, आजी आमच्याकडे आहे," वुकान म्हणाला. आवाज बसला होता. "लाझिचबाईंनी दार उघडलं नाही. आजी दीड तास पायरीवर बसली होती. उद्या परत जाणार म्हणते."

"तिला दे जरा."

पलीकडे दबक्या आवाजात बोलणं झालं. मग पुन्हा वुकानच आला.

"नको म्हणतेय. कपाटात वरच्या फळीवर तिचा लोकरी कोट आहे आणि बर्फातले बूट, ते तेवढे शनिवारच्या बसने पाठवून द्या म्हणाली."

"बरं," रादिवोय म्हणाला.

मे महिना होता. त्याने खुर्ची ओढून कपाटापाशी आणली आणि कोट उतरवायला चढला.