मधली पानं

शांतवन गवंड्याचं नाव ज्यानं ठेवलं, त्याला माणूस काही ओळखता आला नव्हता. अहो, भिंत बांधतानासुद्धा हा गडी दोन पायांवर नीट उभा राहिला नाही कधी! आणि अशा माणसाला औशाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगावं काय, तर घरी बसा. छातीचा क्षय. वर्ष-दीड वर्ष रोज उपाशीपोटी मूठभर गोळ्या, एक दिवस खाडा नाही. मध्येच सोडल्या तर आजार दुप्पट जोरानं उठेल आणि मग याच गोळ्या त्याला काही करणार नाहीत, असं बाईंनी दोनदा बजावलं.

साल दुष्काळाचं. गावच्या विहिरींनी तळ दाखवलेला, टँकर आला तर आला. तिकडं लातूर नवा जिल्हा झालेलं. कचेऱ्या, क्वार्टरं, कोर्टं भराभर उठत होती आणि गवंड्यांना कधी नव्हे ते सुगीचे दिवस आले होते. गावातले गवंडी झाडून सगळे गेले. शांतवन तेवढा ओट्यावर बसून शेजारणीच्या कोंबड्यांवर खेकसायचा.

पहिल्याच महिन्यात त्यानं गोळ्या गुपचूप चुलीमागं थुंकल्या. गोळ्यांनी पोटात ढवळायचं, लघवी लाल व्हायची, तो नुसता बेजार. त्याच्या बायकोला, गुणाबाईला, राख भरताना गोळ्या सापडल्या. ती भांडली नाही. सरळ चर्चच्या पाळकबाबांना बोलावून आणलं आणि नवऱ्याचा हात शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, ठेवून घेतला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शास्त्र वाचून होईतो एक गोळी चुकणार नाही, असा शब्द. तिला अक्षर येत नव्हतं. महिने मोजण्यावर तिचा भरवसा नव्हता, पण पुस्तकाची जाडी तिला डोळ्यांनी दिसत होती. आणि शास्त्रावर हात ठेवून दिलेला शब्द त्यांच्या वस्तीत आजवर कुणी मोडला नव्हता.

झालं, तेव्हापासून रोज दिवेलागणीला प्रार्थना आणि मग खुणेचा तांबडा दोरा असेल तिथून पुढं वाचन. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशी पानंच्या पानं आली तरी गाळायचं काही नाही. शांतवन दात-ओठ खात वाचायचा.

पावसाळा कोरडा गेला, पण त्याचा खोकला थांबला. भूक लागायला लागली. आता तर त्याला घरात बसवेनाच. बरा झालो की मी! मग कशाला हे?

तेवढ्यात विरूपाक्ष आला. जुना जोडीदार, आता लातुरात मुकादम. शांतवनला दमा आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. गावात सगळ्यांना तसंच सांगितलेलं.

"हिथं काय माशा मारून राहिलास?" विरूपाक्ष म्हणाला. "क्वार्टरांची रांगच्या रांग उठायलीय तिकडं. गवंडी मिळंना. पुढच्या सोमवारी सकाळी ट्रक आणतो फाट्यावर. निघायचं."

"ऱ्हायचं कुठं?"

"शेडात. वीस जण झोपतेत एका ठिकाणी. तुला काय वेगळा बंगला पायजे का?"

"अन् भिंतीला पाणी कुठलं मारता, ह्या दुष्काळात?"

"पाणी कोण मारतंय आता? सिमेंट वाळलं की झालं. वरनं रंग द्यायचा."

शांतवनचं तोंड कडू झालं. पाणी न पाजलेली भिंत दिसते छान, नखानं खरवडली की भुगा पडतो. तरी येतो म्हणाला.

आता अडचण शब्दाची. गोळ्या घेऊन शेडात राहता येत नव्हतं. क्षयवाल्याला कोण उभा करणार? आणि शास्त्र तर अजून निम्मंही झालं नव्हतं. मग शांतवननं डोकं चालवलं. चिमटीनं नाही, मुठीनं पानं उलटायची. आठवड्यात शेवटचं पान! तिला काय कळतंय?

त्या संध्याकाळी दोरा ईयोब नावाच्या भल्या माणसाच्या गोष्टीत होता. त्याची गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड उठले आणि तो राखेत जाऊन बसला, इथवर शांतवननं नीट वाचलं. मग एक जाड थप्पी उलटली आणि पुढं वाचलं, की देवानं ईयोबाला सगळं दुप्पट दिलं.

गुणाबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

"अवो, आत्ता तर राखेत बसला हुता. लगेच उठला?"

"उठला. देवाच्या मनात आलं, उठला."

"मधलं कुठं गेलं?"

"मधलं कायबी न्हाई. नुस्तं रडगाणं हाय, अन् भांडणं!"

"तेच वाचा," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडाय हुतो. माजे बाबा सांजच्याला तंबूत हेच वाचायचे, थोडं थोडं. लई दिवस ईयोब उठतच नव्हता. मी रोज इचारायची, बाबा, आज उठला का? ते म्हणायचे, न्हाई, आज बी भांडून राहिलाय. त्येच्यावर आमी दुसऱ्या दिवशी घण उचलायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी दुप्पट-बिप्पट सांगितलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, खोटं हाय समदं."

शांतवनला चोरी पकडल्यासारखं झालं आणि त्याचा रागही आला. पण त्यानं पानं मागं घेतली.

मग आठवडाभर तो मधलं वाचत राहिला. आणि काय सांगावं, त्याला धक्काच बसला! हा ईयोब जन्माला आलेल्या दिवसाला शिव्या घालत होता. समजूत काढायला आलेल्या दोस्तांना हाकलत होता. देवाला तोंडावर विचारत होता, की माझं चुकलं तरी काय? असलं शास्त्रात लिहिलेलं असेल, हे शांतवनला वाटलंच नव्हतं. त्याचा आवाज चढत गेला. चतुराबाई शेजारीण दारात येऊन विचारून गेली, की नवरा-बायकोचं वाजलंय का.

इतकं होऊनही सोमवारी तो निघाला. पाय घरात ठरेनात, दुसरं काय! "मी शब्द मोडून राहिलोय," तो गुणाबाईकडं न बघता म्हणाला. "देवाला काय करायचं ते करू दे." ती रडली नाही, ओरडली नाही. त्याचं गाठोडं तिनंच बांधून ठेवलं होतं. ते त्याच्या हातात दिलं आणि घागर घेऊन टँकरकडं गेली.

फाट्यावर ट्रक उभा होता. वर पाच-सहा जण बसलेले, थट्टामस्करी चाललेली. "टाक गाठोडं वर!" विरूपाक्ष ओरडला. गाठोडं जड लागलं म्हणून शांतवननं ते सोडून पाहिलं. गवंडीकामाची थापी होती, ओळंबा होता. सदऱ्यात गोळ्यांचा पुडा गुंडाळलेला. आणि तळाशी शास्त्र. घरातलं एकुलतं एक पुस्तक. ते गेल्यावर तिला वाचून कोण दाखवणार होतं? तांबडा दोरा काल रात्री सोडला तिथंच, मधल्या पानांत होता.

शांतवन तिथंच मटकन खाली बसला. त्याला भडभडून आलं.

"काय झालं रं? दम लागला का?" विरूपाक्ष खाली उतरला.

"दमा न्हाई मला," शांतवन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "टीबी हाय. गोळ्या चालू हायत. अजून लई दिवस घ्यायच्यात."

ट्रकवरची मस्करी बंद झाली. विरूपाक्ष दोन पावलं मागं सरला. "आधी सांगायचं न्हाई व्हय?" एवढंच म्हणाला आणि पुढं जाऊन बसला. आता गावाला कळणार होतं, लातुरालाही कळणार होतं. ट्रक धुरळा उडवत गेला. शांतवननं हाक मारली नाही.

गुणाबाई घागर घेऊन आली, तर हा ओट्यावर. तिच्याच घागरीतलं पाणी ओतून घेऊन त्यानं एकेक गोळी गिळली, तोंड वाकडं केलं, आणि दिवसाढवळ्याच शास्त्र उघडून वाचायला बसला.

गुणाबाई उंबऱ्यात टेकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. मग तिनं विचारलं,

"उठला का ईयोब?"

"न्हाई," शांतवन पान उलटत म्हणाला. "आज बी भांडून राहिलाय."