प्रभावतीचा अख्खा फोटो

"नाक कुठं आन् डोये कुठं, काईच समजून नाई राह्यलं काका," असं म्हणत दीपमालानं तो मोठा केलेला फोटो धर्मपालच्या फोटो स्टुडिओतल्या काउंटरवर ठेवला. आईच्या पेन्शनच्या कार्डावरचा एवढासा फोटो तिनं बाजारातल्या नव्या दुकानात कॉम्प्युटरवर मोठा करून घेतला होता. चेहऱ्याचा नुसता धुरळा झाला होता. आई गेली होती, उद्या तिचा जलदान विधी, आणि घरात तिचा दुसरा फोटोच नाही.

दारव्ह्यात रोलवर फोटो काढणारा आता धर्मपाल एकटाच उरला होता. कापसाचे भाव पडल्यापासून लग्नं पुढं ढकलली जात, जी होत ती डिजिटलवाले पळवत. लोक त्याला तोंडावर जुनाट म्हणत आणि तोही निवांत ऐकून घेई. पण गड्यानं तीस वर्षांतली एक निगेटिव्ह फेकली असेल तर शपथ! गावागावाच्या नावानं गठ्ठे बांधलेले, प्रत्येक पाकिटावर त्याचं गिचमिड अक्षर.

त्यानं गाव विचारलं, साल विचारलं. बाप गेला त्या वर्षीचा, अठरा वर्षं झाली, असं ती म्हणाली. दोन तास शोधल्यावर पाकीट सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'प्रभावती. मूल कापणे.'

डार्करूमच्या लाल दिव्यात त्यानं तिला शेजारी उभं केलं. ट्रेमधल्या कागदावर आधी पदराचा काठ उमटला, मग हनुवटी, मग आईचे डोळे, थेट तिच्याकडं बघणारे. दीपमालाला रडू आवरेना. तेवढ्यात आईच्या मांडीवर एक पोरगी उमटली, पदर मुठीत घट्ट धरलेली.

"हे पोट्टी कोन?"

"तूच. आईले सोडतच नव्हती. मंग म्या म्हटलं, बसू द्या, कार्डापुरता चेहरा कापून घेऊ."

आपला लहानपणीचा फोटो तिनं आजवर पाहिलाच नव्हता. ती बघतच राहिली. धर्मपालनं मात्र अडचण सांगितली. उद्या लोक याला हार घालतील, आणि जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही. म्हणत असशील तर एकट्या आईचा चेहरा काढून देतो, अगदी स्वच्छ येईल.

"नाई काका. आता नका कापू."

संध्याकाळपर्यंत त्यानं अख्खा फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःही विधीला गेला. मेणबत्त्यांमागं फोटो ठेवलेला होता. दीपमालाची मावशी हार घेऊन पुढं आली, फोटोसमोर थबकली, आणि खाली वाकून तिनं तो हार फ्रेमच्या पायाशी ठेवला. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकानं फुलं तिथंच, खाली वाहिली.